फक्कीचे बाण

शर्यत रविवारी.
गुरुवारी सकाळी चुन्याच्या फक्कीची पिशवी हँडलला अडकवून
मी राजापुरातून निघाले,
जिथे गलबतं लागायची म्हणतात त्या गाळाकडे न बघता.
पंच्याण्णव स्वार येणार, पुण्याकोल्हापूरचे,
हलक्या सायकली, महाग चष्मे,
त्यांना वाट दिसायला हवी.
वाट आखायचं काम माझ्याकडे,
कारण भूमापन कचेरीत बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या.

पेठेच्या चढावर पहिला बाण.
हनीफ सोलकर दुकानाच्या फळ्या काढत होते.
"मागचं चाक वाकडं बोलतंय," म्हणाले
आणि न विचारता स्पोक पिळून दिला.
पैसे?
"रविवारी घेईन की. त्यांच्याकडून."

मग घाटी. जांभ्याच्या पायऱ्या
बैलांच्या पावलांना बेतलेल्या, लांब, आळशी,
दर पायरीला माझं एक हाड वाजत होतं.
इथून मिठाच्या गोणी घाटावर जायच्या.
आज मी, पहिल्या गिअरवर,
माझ्या वयाच्या गिअरवर.

दोन गडग्यांमधली पाणंद, एक सायकल जाईल एवढीच;
समोरून म्हैस आली तर तिची.
साकवाच्या दोन फळ्या गेलेल्या. वहीत लिहिलं: उतरून चला.
बाण. काजूच्या बुंध्यापाशी बाण.
चिरेखाणीच्या कडेला तीन बाण आणि एक फुली,
कारण खाण वड्या पाडाव्या तशी कापलेली
आणि तिला कठडा नाही.

आणि सडा.
डोंगर चढून यावं आणि पाहावं
तर डोंगराला डोकंच नाही.
पोटरीएवढं पिवळं गवत, काळा कातळ,
खाली खाडी, खाडीपलीकडे
कल्हई उडालेल्या ताटासारखा समुद्र.
इथे चाकाला कुणी अडवत नाही.
मी ब्रेक सोडले. बावीस वर्षांच्या हद्दी
मागच्या चाकाखालून निघून गेल्या,
आणि पुढचं चाक खटकन कशात तरी बसलं.
मी कातळावर. कोपर फुटलं, पिशवी फुटली.

घळ नव्हती ती. बोटभर खोल रेघ होती.
फक्की सांडली होती तेवढ्यात पांढरी झालेली,
आणि तिथेच शेपूट दिसली.
रेघ धरून मी रांगत गेले.
मासा. माझ्याहून लांब मासा,
समुद्रापासून दोन कोस वर,
पोटात आणखी काहीतरी, मला न ओळखता आलेलं.

गुरं घेऊन आलेले धाकू गोरुले बघत उभे होते.
"आमी ह्येच्यावरनं गुरा नेत नाय."
का?
"बापूस नेत नव्हता."
एवढंच. कुठल्या सातबाऱ्यावर न चढलेली हद्द.

बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने मी मासा पुसला.
थोडा चुना राहिलाच बारीक भोकांत,
जांभा काय पितो ते सोडत नाही.
प्यायला उरलं नाही म्हणून गोरुल्यांनी त्यांची बाटली दिली,
आणि मग आम्ही दोघांनी वाट हलवली:
ते काठीने दाखवत, मी उरलीसुरली फक्की चिमटीने टाकी,
शंभर हात डावीकडून, करवंदीच्या जाळीमागून.

रविवारी पंच्याण्णव जण तिथे उगाच वळले.
एकजण शिव्या देत, वेळ गेला म्हणून.
पहिला आला कोल्हापूरचा एक पोरगा;
त्याला ढाल, आणि कोकम सरबताचा कॅन,
जो सायकलवर कसा न्यायचा हे कुणाला सुचेना.
सोलकरांनी अकरा पंक्चरांचे पैसे घेतले,
शेवटच्याकडून माझ्या स्पोकचेही.

सोमवारी मी बाण पुसायला गेले.
जाळीमागे गवत चेपून
चाकांचा एक पट्टा पडला होता,
आणि त्यावरून गोरुल्यांची गुरं येत होती,
एकामागे एक, घाई नसलेली.